पंचेचाळीस अंशाला सगळं बरोबर

ठाकोरभाई पंचालांनी नोकरीच्या पहिल्याच दिवशी मला ऑफिसातल्या खांबाला पाठ लावून उभं केलं आणि म्हणाले, "हात पुढे कर. सरळ, खांद्यातून. हां. आता तू नॉझल आहेस."

मी चोपड्याची. इंजिनिअरिंगला पहिला वर्ग, लग्न होऊन नुकतीच बडोद्याला आलेली, आणि हॉलमधली वीस-बावीस माणसं खुर्च्या वळवून बघत बसलेली. नव्या माणसाची चेष्टा करायची इथली पद्धत असेल असं समजून मी हात पुढे केला.

ठाकोरभाईंनी आराखड्याच्या गुंडाळीचं टोक माझ्या तळव्याला लावलं आणि ढकललं. "कुठे लागलं?"

"पाठीत."

"शाबास. आता बाजूने ढकलतो. आता?"

"खांद्यात."

"आता वरून दाबतो."

"खांद्यातच, पण निराळं."

"झालं तुझं शिक्षण," ते म्हणाले. "आता वर्षभर हेच कागदावर करायचं. जा, चहा पी."

कारखान्यातल्या उंच टॉवरच्या पोटातून जे आखूड नळकांडं बाहेर येतं ते नॉझल. त्याला पाइप जोडतात. पाइप गरम झाला की लांबतो, लांबला की ढकलतो, आणि नॉझल बिचारं टॉवरच्या पत्र्यात घट्ट बसलेलं, पळून जाणार कुठे? ते किती सोसेल ते आधी गणित करून सांगायचं, एवढंच आमच्या स्ट्रेस डिपार्टमेंटचं काम. माझ्या सासूबाई शेजारणींना सांगत, "सुनेच्या ऑफिसात सगळे टेन्शन मोजत बसतात, आणि त्याचा पगार मिळतो."

त्या गणितात एक मेख आहे. पाइपचा हिशोब करणारा कॉम्प्युटर सगळं कारखान्याच्या दिशांत सांगतो. पूर्वेला इतकं बळ, उत्तरेला इतकं, वर इतकं. टॉवर बनवणारे मात्र नॉझलच्या स्वतःच्या दिशांत विचारतात. पोटात किती घुसतंय, कमरेभोवती किती सरकतंय, उंचीला किती. ही एका भाषेतली बेरीज दुसऱ्या भाषेत नेताना भल्याभल्यांची भंबेरी उडते. ठाकोरभाई म्हणायचे, "नॉझलला उत्तर-दक्षिण कळत नाही. सासरी आलेल्या सुनेला विचारा मामलतदार कचेरी कुठल्या दिशेला आहे, तिला काय माहीत? मागे भिंत, डावीकडे सासू, उजवीकडे नणंद, एवढाच तिचा भूगोल." हे सगळं माझ्याकडे बघून.

त्यात कोनांचा घोळ वेगळा. टॉवरच्या आराखड्यावर नॉझल कुठे बसवायचं ते अंशांत लिहितात. वरून बघायचं, उत्तरेला शून्य धरायचं आणि घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजत जायचं. पूर्वेला नव्वद, दक्षिणेला एकशे ऐंशी. शाळेतलं गणित मात्र पूर्वेला शून्य धरतं आणि उलट्या अंगाने मोजतं, आणि कॉम्प्युटरही शाळेत शिकल्यासारखंच वागतो. ठाकोरभाईंनी हे सगळं एका वाक्यात बसवलं होतं. "आराखडा देवळात जातो, कॉम्प्युटर गरब्याला." देवाची प्रदक्षिणा घड्याळाप्रमाणे, गरब्याचं रिंगण उलट. गुजरातेत हे सांगितल्यावर दुसरं काही समजवावं लागत नाही.

खांबावर त्यांनी पेन्सिलीने अंश लिहून ठेवले होते. शून्य चहाच्या खोलीकडे. खरी उत्तर तिकडे नव्हती, पण ते म्हणत, "कारखान्याची उत्तर तरी कुठे खरी असते? बांधणाऱ्याच्या सोयीला असते. आमची सोय चहाकडे." नवा माणूस आला की त्याने खांबाभोवती एक प्रदक्षिणा घालायची आणि मग एक गरब्याचा फेरा. एका दसऱ्याला शिपाई रमणभाईने त्या खांबाला कुंकवाचं बोट लावून टाकलं. सगळे शिकलेले लोक फेरे घालतात म्हणजे काहीतरी असणारच, असं त्याचं म्हणणं.

ठाकोरभाई मूळचे पेटलादचे, जातीने पंचाल, म्हणजे घरात पिढ्यान्‌पिढ्या ऐरण. आयटीआय करून ते मकरपुऱ्याला टॉवर आणि टाक्या बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये, आमच्या भाषेत शॉपमध्ये, लागले, मार्किंगला. पोलादी पत्र्यावर खडूने रेघा मारायच्या आणि नॉझलचं भोक कुठे पाडायचं ते दाखवायचं. भोक एकदा पडलं की बुजत नाही, त्यामुळे मार्किंगवाला दोनदा मोजून एकदा रेघ मारतो. असं बारा वर्षं केलं. मग आमच्या ऑफिसला असा माणूस हवा झाला ज्याने टॉवर डोळ्यांनी पाहिलाय, कारण आमच्यातल्या निम्म्यांनी तो कागदावरच पाहिला होता. संध्याकाळच्या वर्गाला जाऊन त्यांनी डिप्लोमा केला. डिग्री नाही. तरी डिग्रीवाल्यांची गणितं तपासायला बसले ते चोवीस वर्षं त्याच खुर्चीत. त्या चोवीस वर्षांत त्यांची सही असलेला एकही कागद चूक म्हणून परत आला नव्हता. हे ते स्वतः कधी सांगत नसत. त्यांच्या पत्नी कपिलाबेन सांगत, आणि तेही प्रत्येक पाहुण्याला, ढोकळ्याची ताटली हातात देता देता.

दिसायला माणूस साधा. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, रोज साडेतीनला खाली उतरून सेव-उसळ, वर तिखट तरी दोनदा मागून घ्यायची आणि मग तासभर सुसू करत गणित तपासायचं. कपिलाबेन म्हणत, हा माणूस वर्षातले तीनशे छप्पन दिवस ऑफिसचा आणि नऊ दिवस देवीचा. कारण नवरात्रात ठाकोरभाई त्यांच्या पोळातला, म्हणजे जुन्या गल्लीतला, गरबा गात. मोठ्या मैदानातला, तिकिटाचा नव्हे. पोळाच्या चौकातला, ढोल आणि टाळांवरचा, म्हाताऱ्या बायकासुद्धा ज्यात चपला काढून उतरतात तसला. आवाज जाडाभरडा पण सुरात, आणि शेवटच्या बाईचा पाय थकेपर्यंत न थकणारा. मला पहिल्या वर्षी त्यांनीच रिंगणात ओढलं. "चोपड्यात काय फक्त केळी पिकतात काय? चल, ये. हात वर."

हे सगळं २००३ सालापर्यंतचं. त्या डिसेंबरात ठाकोरभाईंना अठ्ठावन्न पूर्ण होणार होती. ऑफिस दोन वर्षांची मुदतवाढ द्यायला तयार होतं, पण पुढचं मोठं काम ज्या रिफायनरीचं होतं तिची अट अशी की तपासनीस डिग्रीवालाच हवा. डिग्री नसलेल्याला त्यांच्या बाजूचे मुख्य इंजिनिअर खंबाटासाहेब खास मंजुरी देऊ शकत. ती मिळाली तर खुर्ची राहणार, नाहीतर ठाकोरभाई घरी. आणि घरी म्हणजे बडोद्याला नाही. त्यांचा एकुलता एक मुलगा परिमल कॅनडात ब्रॅम्प्टनला होता. त्याने घराचं तळघर नव्याने रंगवून आईबापांसाठी तयार ठेवलं होतं आणि दर रविवारी फोनवर विचारायचा, "पप्पा, कधी येताय?"

"तळघरात?" ठाकोरभाई आम्हाला म्हणायचे. "मी काय बटाटा आहे?" पण चेष्टा करतानाही त्यांचा आवाज खाली जायचा. परदेशात त्यांना कोणी ओळखणार नव्हतं, तिखट तरी नव्हती, पोळ नव्हता, आणि मुख्य म्हणजे कोणी "ठाकोरभाई, जरा हे बघता का?" असं विचारणार नव्हतं. मंजुरी मिळावी म्हणून कपिलाबेन मंगळवारचा उपास करायला लागल्या. ठाकोरभाईंनी त्यांना सांगितलं, खंबाटा पारशी आहे, आपल्या देवांचं ऐकेल की नाही देव जाणे.

आता माझी करणी सांगते.

मी तोपर्यंत अडीच वर्षांची जुनी झाले होते आणि माझ्या अंगात थोडी शेखी आली होती. हाताने आकडे फिरवत बसण्यापेक्षा मी कॉम्प्युटरवर एक तक्ता बनवला. नॉझलचा कोन टाका, पाइपचं बळ टाका, की पोटात किती, कमरेभोवती किती, उंचीला किती, सगळं एका झटक्यात. मला त्या तक्त्याचा इतका अभिमान की मी तो आणखी दोघांना देऊन टाकला. त्यात एकच गोष्ट राहिली होती. आराखड्यातला देवळाचा कोन मी गरब्याच्या कोनात बदलून घ्यायला हवा होता. मी तो तसाच टाकला.

खंबाटांच्याच रिफायनरीच्या एका छोट्या कामातला पहिला टॉवर आला नवरात्रात. तीन नॉझलं. पहिलं पंचेचाळीस अंशाला, दुसरं साठला, तिसरं वीसला. अष्टमीच्या दुपारी मी कागद ठाकोरभाईंपुढे ठेवला. त्यांची रीत अशी की निदान दोन नॉझलं हाताने करून बघायची आणि मगच सही. त्या दिवशी त्यांनी पहिलं केलं. उत्तर माझ्याशी तंतोतंत जुळलं. घड्याळात पावणेपाच झाले होते. अष्टमीला पोळात हवन, त्याच्या आधी गळ्याला ज्येष्ठमध, त्याच्या आधी आंघोळ. त्यांनी सही केली, माझ्याकडे बघून "सरस!" म्हणाले आणि उठले.

पंचेचाळीस अंश ही मोठी लबाड जागा आहे. देवळाच्या अंगाने मोजा की गरब्याच्या, माणूस पोचतो तिथेच, ईशान्येला. पद्धत चूक असली तरी उत्तर बरोबर येतं. साठला येत नाही. वीसला तर अजिबातच येत नाही. मकरपुऱ्याचं शॉप आमच्या कागदासाठीच थांबलं होतं. तो कागद त्यांना त्याच संध्याकाळी गेला.

दसरा झाला, फाफडा-जिलेबी झाली, सगळ्यांचे घसे बसले. गुरुवारी मी दुसऱ्या टॉवरचा कागद नेला. त्यात एकच नॉझल होतं, नव्वद अंशाला. ठाकोरभाईंनी चष्मा लावला, वाचला, काढला, परत लावला.

"वैजुबेन, हे नॉझल कुठे तोंड करून उभं आहे?"

"नव्वद. पूर्वेला."

"मग तुझा कागद त्याला उत्तरेकडचं का समजतोय?"

मी कागद बघितला. खांबाकडे बघितलं. ठाकोरभाई हसायला लागले, बसलेल्या घशातून फुसफुस करत. "पाहिलंत का? ही चोपड्याची बेन नवरात्र संपलं तरी गरब्यातच आहे!" दोन-तीन माणसंही हसली. मग त्यांचं हसू एकदम थांबलं, चालता पंखा वीज जाऊन थांबतो तसं.

"पहिला टॉवर कशाने केलास? ह्याच तक्त्याने?"

मी मान हलवली.

त्यांनी फाइल काढली आणि पेन्सिल घेऊन हाताने गणित मांडलं. चहा आला, त्याच्यावर साय धरली, रमणभाई तो तसाच घेऊन गेला. साठ अंशाचं नॉझल कसंबसं मर्यादेत राहिलं. वीस अंशाचं राहिलं नाही. टॉवरच्या पोटात सरळ घुसणारं बळ माझ्या कागदावर नऊशे पंचाहत्तर किलो होतं. खरं होतं सोळाशे नव्वद. सोसण्याची हद्द बाराशे. उरलेलं बळ मी कमरेभोवती सरकवून मोकळी झाले होते.

उपाय अवघड नव्हता. नॉझलच्या बुडाशी पत्र्याचं एक जाड कडं लावतात, त्याला पॅड म्हणतात. ते आणखी रुंद आणि आणखी जाड करायचं. पण वेल्डिंगचा ताण घालवायला शनिवारी तो टॉवर भट्टीत जाणार होता. भट्टीतून निघालेल्या टॉवरला पुन्हा वेल्डिंगचं टोक लावता येत नाही. हातात गुरुवारची दुपार आणि शुक्रवार, एवढंच.

शॉपला फोन करून ठाकोरभाईंनी काम थांबवलं. सुधारलेला कागद काढायला आम्ही दोघं सुकेतुभाई देसायांच्या खोलीत गेलो. सुकेतुभाई आमचे साहेब. माणूस वाईट नाही, फक्त भांडण दिसलं की त्यांना ॲसिडिटी होते.

आमच्या धंद्यात प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात एक चौकट असते. सुधारणेचा क्रमांक, तारीख आणि कारण. त्या कारणाच्या खान्यात लोक लिहितात "पाइपचा मार्ग बदलला" किंवा "नवी माहिती मिळाली", आणि काहीच सुचलं नाही तर "सर्वसाधारण सुधारणा". मी नंतर एकदा चिडून जुन्या फायली चाळल्या. त्या ऑफिसात स्थापनेपासून एकाही माणसाच्या हातून एकही चूक झालेली नव्हती. पाइप तेवढे सारखे मार्ग बदलत होते.

"'सर्वसाधारण सुधारणा' लिहा आणि पाठवा," सुकेतुभाई म्हणाले. "ठाकोरभाई, कुणाचं काय जातंय? पॅड बदललं की विषय संपला. तुमच्या नावाचा कागद खंबाटांच्या टेबलावर आहे. सोमवारी सही होईल. दोन दिवस जरा गप्प बसा की."

"सुकेतुभाई, मी त्या शॉपमध्ये बारा वर्षं काढली आहेत. सर्वसाधारण सुधारणेच्या कागदात आम्ही भजी खायचो."

"मग 'तातडीची' लिहा."

"आणि हिने तो तक्ता आणखी दोघांना दिलाय, त्याचं काय? त्यांचे कागद कुठे कुठे पोचले असतील. कोन उलटा मोजला असं लिहिलं तर वाचणारा आपापलं उघडून बघेल. सर्वसाधारण वाचून कोण काय उघडणार?"

"अहो, पण कोन उलटा मोजला लिहिलं की खंबाटा पहिला प्रश्न विचारेल, कोणी मोजला आणि कोणी तपासला!"

"विचारू दे ना," ठाकोरभाई म्हणाले. "किंवा थांबा, कशाला विचारायला लावायचं त्यांना?" आणि त्यांनी तिथेच, सुकेतुभाईंच्याच पेनाने, खान्यात लिहिलं. नॉझलचा कोन उलट्या बाजूने मोजला गेला. तपासणाऱ्याची चूक. ठा. म. पंचाल.

सुकेतुभाईंनी ड्रॉवर उघडून गोळी घेतली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "ठाकोरभाई, चूक माझी आहे. माझं नाव लिहा."

"खाना बघ केवढासा आहे. दोन नावं मावत नाहीत."

"मावतात."

"ऐक. करणारा चुकतोच. तो चुकणार म्हणूनच तर तपासणारा ठेवतात. मी त्या दिवशी पावणेपाचला उठलो. दुसरं नॉझल हाताने केलं नाही. का? तर गळा साफ करायचा होता मला. हे माझं माझ्याकडेच राहू दे. तुझं वय आहे का नाव काळं करायचं?"

मला रडू आलं. आणि खरं लिहायचं म्हणून बसले आहे तर हेही लिहिते, मला सुटल्यासारखं वाटलं. नवऱ्याची नोकरी नुकतीच सुटलेली, घर माझ्या पगारावर. मी दुसऱ्यांदा आग्रह केला नाही.

शुक्रवारी सकाळी मी त्यांच्या स्कूटरच्या मागे बसून शॉपला गेले. तिथला फोरमन इकबालभाई त्यांचा जुना सोबती. ठाकोरभाईंना बघून तो ओरडला, "या पंचालसाहेब! ऑफिसातल्या गार हवेत कोन फिरले काय?"

"फिरले. खडू दे."

"आमची पोरं मारतील की रेघ."

"दे म्हणतो ना."

टॉवर आडवा पडला होता, चाळीस माणसं रांगेत झोपतील एवढा. ठाकोरभाई शिडीवर चढले, खिशातून मोजपट्टी काढली, दोनदा मोजलं आणि नव्या पॅडचं वर्तुळ एका दमात मारलं. सत्तावन्न वर्षांच्या माणसाचा हात जरासुद्धा हलला नाही. जुनं पॅड कापायला रात्र झाली, नवं बसायला शनिवारची सकाळ उजाडली. दुपारी टॉवर भट्टीत गेला. तो टॉवर आज वीसहून जास्त वर्षं उभा आहे आणि कुठे गळत नाही, हे मी दरवर्षी कुणाला तरी विचारून खात्री करून घेते.

सोमवारी अकरा वाजता खंबाटासाहेबांचा फोन आला. सुकेतुभाईंनी आम्हा दोघांना आत बोलावून फोनचा आवाज मोठा केला.

"अरे बावा," खंबाटा म्हणाले, "बत्तीस वर्षं मी लोकांचे कागद बघतोय. असलं वाक्य पहिल्यांदा वाचलं. चष्मा पुसून दोनदा वाचलं. पंचाल आहे का तिथे?"

"आहे, साहेब."

"तू गाढव आहेस की साधू आहेस?"

"साहेब, चेकर आहे."

खंबाटा खो खो हसले. मला वाटलं, झालं, जिंकलो. मग ते म्हणाले, "ऐक, दीकरा. तुझ्यासारखा माणूस मला माझ्या स्वतःच्या ऑफिसात हवा आहे. पण माझ्या डोक्यावर ऑडिटवाले बसलेत. डिग्री नसलेल्याला खास मंजुरी, आणि त्याच महिन्यात त्याच्याच हाताने लिहिलेली चूक. ते विचारतील तेव्हा मी काय सांगू? खरा माणूस होता म्हणून सही केली? असा खाना त्यांच्या फॉर्मात नाही रे."

सुकेतुभाईंनी पुन्हा ड्रॉवर उघडला.

"नका करू सही," ठाकोरभाई म्हणाले. "मी तुमच्या जागी असतो तर मीही नसती केली."

बोलायची ती वेळ होती. साहेब, कोन मी मोजला, तक्ता माझा, एवढंच म्हणायचं होतं. फोन सुरू होता. मी सुकेतुभाईंच्या टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर बघत उभी राहिले.

निरोपसमारंभात ठाकोरभाईंनी भाषणाऐवजी गरबा गायला, डिसेंबरात, आणि अख्ख्या ऑफिसने खांबाभोवती फेर धरला. सुकेतुभाईसुद्धा उतरले, टाळी मात्र प्रत्येक वेळी चुकवत. जानेवारीत मी त्यांच्या घरी गेले तर कपिलाबेन कॅनडाला न्यायला मेथीचा मसाला पिशव्यांत भरत होत्या. "बघ ना ग," त्या म्हणाल्या, "चोवीस वर्षांत एक कागद परत आला नाही. आणि आला तो ह्यांनी स्वतःच बोलावून घेतला." त्यांना कोन कुणी मोजला ते माहीत नव्हतं. त्यांनी मला खाकऱ्याचं एक पाकीट वर दिलं.

ठाकोरभाई गेल्यावर महिन्याभराने मी धीर करून सुकेतुभाईंकडे गेले. त्याच कागदाची आणखी एक सुधारणा काढायची आहे म्हटलं.

"कुठला आकडा बदलला?"

"आकडा कुठलाच नाही. कारण बदललंय. करणाऱ्याची चूक असं लिहायचं आहे, माझ्या नावाने."

"वैजुबेन, आकडा बदलल्याशिवाय सुधारणा निघत नाही. जा, काम करा." मी परत आले. आणि पुढच्या कामाच्या यादीत ठाकोरभाईंच्या जागी तपासनीस म्हणून नाव गेलं ते माझं. माझ्याकडे डिग्री होती.

तेव्हापासून आजतागायत मी लोकांचे कागद तपासते आहे. निदान दोन नॉझलं हाताने करते, आणि त्यातलं एकही पंचेचाळीसचं नसतं. आमच्या ऑफिसात आता कारणाच्या खान्यात चूक लिहिली जाते. अकरा वेळा मी स्वतः लिहिली आहे, नावासकट. पण त्या एका कागदावर, त्या फायलीत, अजूनही एकच नाव आहे.

ठाकोरभाई आता ऐंशीच्या घरात आहेत. तळघरात फार दिवस राहिले नाहीत. परिमलकडून वरची खोली मिळवून त्यांनी खाली ढोल ठेवला, असं कपिलाबेन सांगतात. तिथल्या एका शाळेच्या हॉलमध्ये दर नवरात्रात ते गातात. निम्मे लोक उलटे फिरतात म्हणे, आणि ते माइकवरून ओरडतात, "देवळात आलात काय?"

हे लिहून झालं तेव्हा मी त्यांना पाठवलं. उभं आयुष्य बडोद्यात गेल्यामुळे त्यांना मराठी वाचता येतं, अडखळत का होईना. चार दिवसांनी माझ्या फोनवर पानांचे फोटो परत आले, पेनाने खुणा केलेले. सेव-उसळ मी चारला लिहिली होती, ती साडेतीनची करायला लावली. शिडीवर चढलेल्या माणसाचं वय मी अठ्ठावन्न लिहिलं होतं, ते सत्तावन्न केलं. आणि शेवटी मी एक ओळ लिहिली होती, ती त्यांनी सरळ रेघ मारून खोडली आणि बाजूला लिहिलं, "ह्याची गरज नाही. तपासणाऱ्याची चूक."

बाकी सगळ्या दुरुस्त्या मी घेतल्या आहेत. ही घेतलेली नाही. ती ओळ अशी होती.

कोन मी उलटा मोजला. चूक माझी होती. वैजयंती महाले.